मिश्र अध्ययनात फोन आणि लॅपटॉपचा विद्यार्थ्यांवर नेमका काय परिणाम होतो?

प्रश्न असा आहे: महाविद्यालयात काही तास वर्गात आणि काही ऑनलाइन, असं ब्लेंडेड अध्यापन सुरू होतंय. फोन-लॅपटॉपमुळे विद्यार्थ्यांचं लक्ष, अभ्यास आणि तब्येत यांवर काय परिणाम होतो? आणि वर्गात उपकरणांवर बंदी घालावी का?

बंदीचं आधी निकालात काढू. अभ्यासक्रमाचा मोठा भाग पडद्यावरच असताना सरसकट बंदी टिकत नाही, आणि सरसकट मोकळीक परवडत नाही. नियम करायचा तर तो उपकरणाला नाही, कामाला लावावा: हे काम कोणत्या पडद्यावर, किती वेळ आणि दिवसाच्या कोणत्या वेळी. एकाच मॉडेलच्या फोनवर एकाचा अभ्यास सुधारतो आणि शेजारच्याचा बिघडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

मिश्र पद्धतीने निकाल सुधारतात असं म्हणणारे हमखास अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्याचा दाखला देतात. त्यात मिश्र वर्ग निव्वळ समोरासमोरच्या वर्गांपेक्षा थोडे पुढे दिसले, हे खरं. पण त्याच आढाव्यात हेही स्पष्ट लिहिलंय की अशा वर्गांना अनेकदा अभ्यासाला जास्त वेळ आणि जास्तीचं साहित्य मिळालं होतं, त्यामुळे श्रेय माध्यमाला देता येत नाही. थोडक्यात, टॅबलेट वाटले म्हणून गुण वाढत नाहीत. विषयाशी झटापट करण्याचा वेळ वाढला तर वाढतात.

आणि वेळेच्या हिशेबातच बहुतेक योजना फसतात. वर्गातले तास तसेच ठेवून वर व्हिडिओ, चाचण्या, चर्चामंच लादले की विद्यार्थ्याच्या वाट्याला एकाऐवजी दीड कोर्स येतो. एका विषयात आठवड्याला ४० मिनिटं जास्तीची झाली तर पाच विषयांत ३ तास २० मिनिटं होतात. ती झोपेतून तरी निघतात, नाहीतर नुसतं ‘पाहिल्यासारखं’ करण्यातून. म्हणून जो तास ऑनलाइन नेला तो वेळापत्रकातून खरोखर काढावा आणि त्याची ६० मिनिटं आधी कागदावर मांडावीत. २० मिनिटांचा व्हिडिओ थांबवत, मागे नेत, टिपणं काढत पाहायला ३० ते ३५ मिनिटं लागतात. १० मिनिटांची चाचणी, १५ मिनिटांचं लेखन. संपला तास. यात अजून एक ‘छोटासा’ लेख वाचायला बसत नाही.

आता व्हिडिओकडे. लक्ष विचलित होण्यावर सगळे बोलतात. त्याहून मोठं नुकसान मला वाटतं इथे होतं. रेकॉर्डिंग हाताशी असलं की ‘नंतर बघू’ म्हणता येतं, आणि पाहून झालं की ‘कळलं’ असं वाटतं. समोर कुणीतरी सफाईदारपणे गणित सोडवत असलं की ते आपल्यालाही येतंय असा भास होतो. तो भास मोडायला व्हिडिओच्या मध्येच प्रश्न घालावा लागतो. २०१३ साली कार्ल श्पुनार, नोव्हॉल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी साधारण २१ मिनिटांच्या ऑनलाइन व्याख्यानाचे चार तुकडे केले आणि एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली. त्या गटाचं मन भरकटण्याचं प्रमाण कितीतरी कमी राहिलं, त्यांनी टिपणं जास्त काढली आणि शेवटच्या परीक्षेत ते सरस ठरले. उपकरण तेच, व्याख्यान तेच. फक्त मध्ये चार वेळा थांबून उत्तर द्यावं लागलं.

लांबीबद्दल २०१४ चा एक अभ्यास उपयोगी आहे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंची सुमारे ६९ लाख पाहणी-सत्रं तपासल्यावर असं दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याच्या वेळेचा मध्यक, म्हणजे सगळ्या सत्रांतला बरोबर मधला आकडा, जास्तीत जास्त ६ मिनिटंच असतो. यावरून ‘सगळं ६ मिनिटांत बसवा’ असा नियम अनेकांनी काढला, तो काही बरोबर नाही. ते विद्यार्थी स्वेच्छेने आलेले होते आणि मध्येच सोडून जायला मोकळे होते. महाविद्यालयीन विषयाला ८ ते १० मिनिटांचा तुकडा चालतो, अट एकच: एका तुकड्यात एकच संकल्पना, आणि शेवटी असा प्रश्न की ज्याचं उत्तर व्हिडिओ मागे नेऊन शब्दशः उचलता येणार नाही. वर्गातलं ५५ मिनिटांचं लेक्चर कॅमेऱ्याने टिपून तसंच चढवणं हा मात्र सगळ्यात वाईट पर्याय. हजेरी घेणं, फळा पुसणं, प्रोजेक्टर न लागणं, सगळं त्यात असतं.

वेगाबद्दलही विचारलं जातं, कारण विद्यार्थी सर्रास दुप्पट वेगाने पाहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी १, १.५, २ आणि २.५ पट वेग तपासले. दुप्पट वेगापर्यंत आकलनात फारसा फरक पडला नाही, त्यापुढे घसरण झाली. दुप्पट वेगाने पाहून परीक्षेच्या आधी पुन्हा एकदा त्याच वेगाने पाहणाऱ्यांचा तर फायदाच झाला. पण ती व्याख्यानं वर्णनात्मक विषयांची होती. समीकरणं, सिद्धता, प्रोग्रामिंग, किंवा विद्यार्थ्याच्या रोजच्या भाषेत नसलेलं व्याख्यान असेल तर १.२५ च्या वर जाऊ नये असा माझा सल्ला आहे. निवेदन दुप्पट आणि उदाहरण आलं की एकपट, हे सवयीने जमतं.

वाचनाचा परिणाम व्हिडिओपेक्षा जास्त दुर्लक्षित आहे. २०१८ साली पाब्लो डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र तपासले. सहभागी लोक १ लाख ७० हजारांहून अधिक. माहितीपर मजकूर असेल तर कागदावरचं आकलन पडद्यापेक्षा सरस ठरलं, आणि वेळेची मर्यादा असेल तर ही दरी आणखी वाढली. निव्वळ कथात्मक मजकुरात फरक दिसला नाही. फरक लहान आहे, पण पाठ्यपुस्तक म्हणजे माहितीपर मजकूर आणि परीक्षेच्या तोंडावरचं वाचन म्हणजे वेळेची मर्यादा, हे विसरू नये.

फोनवर तर हा प्रश्न मोजपट्टीने दाखवता येतो. ए-४ पान २१ सेंटीमीटर रुंद असतं, फोनचा पडदा उभा धरला तर साधारण ७. म्हणजे १० पॉइंटचं अक्षर तिसऱ्या हिश्शाचं होतं. दोन रकान्यांचा शोधनिबंध असला की काय होतं ते पाहा: विद्यार्थी दोन बोटांनी डावा रकाना मोठा करतो, खाली खाली सरकत जातो, रकाना संपला की पान तिरकं ओढून उजव्या रकान्याच्या माथ्यावर यावं लागतं, तिथे ‘आकृती ३ पाहा’ असं लिहिलेलं असतं, आकृती पुढच्या पानावर. ती पाहून परत येईपर्यंत ओळ हरवते. दोन-तीनदा असं झालं की तो सरळ सारांशावर जातो. याला आळस म्हणणं सोपं आहे. पण हाच मजकूर अक्षर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप बसेल अशा स्वरूपात, म्हणजे साध्या वेबपानावर किंवा ईपबमध्ये दिला, तर तोच विद्यार्थी शेवटपर्यंत वाचतो. मूडल (कोर्सचं साहित्य, चाचण्या आणि सबमिशन हाताळणारी ऑनलाइन प्रणाली) वापरत असाल तर वाचनाचा मजकूर ‘फाइल’ म्हणून पीडीएफ न चढवता ‘पेज’ म्हणून टाका. पीडीएफ टाळता येत नसेल तर एक रकाना, १४ पॉइंट आणि अरुंद समास ठेवून पुन्हा बनवा. दहा मिनिटांचं काम आहे.

टायपिंगचंही तसंच. फोनवर कीबोर्ड उघडला की जवळजवळ निम्मा पडदा झाकला जातो, वर सात-आठ ओळी दिसतात. एवढ्या खिडकीतून १५०० शब्दांचा निबंध लिहिणाऱ्याला आपल्याच पहिल्या परिच्छेदात काय म्हटलं होतं ते दिसत नाही. म्हणून पुनरुक्ती होते आणि युक्तिवाद तुटतो. शिक्षक मात्र त्यावर ‘मांडणी विस्कळीत’ असा शेरा मारतात. म्हणून सत्राच्या पहिल्या आठवड्यात चार प्रश्न विचारून घ्यावेत: लॅपटॉप स्वतःचा आहे, घरात वाटून वापरायचा आहे, की नाहीच? घरी वायफाय आहे की मोबाइल डेटा? शांतपणे बोलता येईल अशी जागा आहे का? आणि दिवसात कोणत्या वेळी उपकरण हातात असतं? वर्गात पाच जण जरी फक्त फोनवर असतील तरी मोठं लेखन, स्प्रेडशीट आणि कोडिंग ही कामं संगणककक्षाच्या तासाला जोडावीत. फोनवर नीट होणारी कामं वेगळी आहेत: व्हिडिओ पाहणं, बहुपर्यायी चाचणी, प्रात्यक्षिकाचे फोटो, दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रित उत्तर, उजळणीची कार्डं. कोणतंही काम जाहीर करण्याआधी शिक्षकाने ते एकदा स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करून, पूर्ण करून पाहावं. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

सबमिशन हा तर स्वतंत्र अध्याय आहे, कारण अभ्यासाशी संबंध नसताना इथे गुण जातात. हाताने लिहिलेली १० पानं फोनने टिपली तर १२ मेगापिक्सेलचा एक फोटो ३ ते ४ एमबी होतो, दहा पानांचे ३५ एमबी. प्रणालीची मर्यादा १० किंवा २० एमबी असली की फाइल अडकते, आणि हे कळतं ते शेवटच्या पाच मिनिटांत. करायचं ते असं: साध्या कॅमेऱ्याऐवजी फोनमधलं स्कॅनिंगचं साधन वापरा, पान सपाट जागेवर ठेवा, प्रकाश बाजूने येऊ द्या, डोक्यावरचा दिवा मागे असला तर फोनचीच सावली कागदावर पडते, ग्रेस्केल निवडा, सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये घ्या. २०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २०० ठिपके धरून, ए-४ पान १६५४ गुणिले २३३९ पिक्सेल होतं, वाचायला ते पुरेसं असतं आणि पान सहसा अर्ध्या एमबीच्या आत बसतं. निव्वळ काळं-पांढरं निवडलं तर फाइल आणखी लहान होते, पण पेन्सिलने काढलेल्या आकृत्यांच्या फिक्या रेषा गायब होतात. आयफोनवरचे फोटो एचईआयसी स्वरूपात असतात आणि ते सगळीकडे उघडत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करून ठेवावं. फाइल चढवली की ती तिथूनच पुन्हा उघडून पानांचा क्रम पाहावा. मूडलमध्ये शिक्षकाने वेगळं सबमिट बटण दाबण्याची अट ठेवली असेल, तर नुसती फाइल चढवल्याने ती ‘ड्राफ्ट’च राहते. ‘मी दिलं होतं’ आणि ‘मला मिळालं नाही’ या वादामागे बऱ्याचदा हे बटण असतं.

घरी करायच्या लेखनात चॅटबॉट आले आहेत, हे आता गृहीत धरायला हवं. चॅटबॉटचं लेखन ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून कुणाला दोषी ठरवू नका, ती कधीकधी निर्दोष माणसाकडेही बोट दाखवतात. त्यापेक्षा प्रत्येकाला त्याच्याच लेखनावर वर्गात ३ मिनिटं तोंडी विचारा. मिश्र पद्धतीत वर्गाचा तास हातात आहे, तो अशा कामाला वापरावा.

आता वर्गातल्या पडद्यांबद्दल. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत अर्थशास्त्राच्या प्राथमिक वर्गांचे तीन गट केले गेले: उपकरणांना पूर्ण मनाई, पूर्ण मुभा, आणि टॅबलेट फक्त टेबलावर आडवा ठेवण्याची मुभा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुभा असलेल्या गटाचे गुण प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाच्या) १८ टक्क्यांनी कमी आले. शंभर गुणांच्या पेपरात प्रमाण विचलन १५ असेल तर हे २.७ गुण होतात. आभाळ कोसळलं नाही, पण श्रेणी बदलायला पुरे. आडव्या टॅबलेटच्या गटातही जवळपास तेवढीच घट होती, म्हणजे ‘पडदा शिक्षकाला दिसला की झालं’ हा समज खोटा ठरला.

दुसरा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फारिया साना, टीना वेस्टन आणि निकोलस सेपेडा यांनी २०१३ साली दाखवलं की लेक्चर चालू असताना लॅपटॉपवर दुसरी कामं करणाऱ्यांचे गुण तर घटलेच, पण ज्यांना तो पडदा बसल्या जागेवरून दिसत होता त्यांचे आणखी जास्त घटले. सिगारेटच्या धुरासारखं आहे हे. म्हणून नियम असा: लॅपटॉप ज्यांना हवा त्यांनी शेवटच्या दोन रांगांत किंवा भिंतीकडच्या बाजूला बसायचं, जेणेकरून मागे कुणी नसेल. पडद्यावरचं काम असेल तेव्हा ते जाहीर करायचं आणि संपण्याची वेळही सांगायची: ‘१० मिनिटं, आकडेमोड स्प्रेडशीटमध्ये, मग झाकणं खाली.’ पुढचा भाग सुरू करण्याआधी झाकणं खरंच खाली गेली आहेत का ते पाहायचं. दृष्टी, श्रवण किंवा लेखनाच्या अडचणीमुळे ज्यांना उपकरण लागतंच, त्यांना ‘अपवाद’ म्हणून सगळ्यांसमोर उभं करू नये. लॅपटॉपची रांगच ठरवली की ते आपोआप त्यात मिसळून जातात.

हाताने लिहावं की टाइप करावं? पाम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचा २०१४ चा अभ्यास हाताच्या बाजूने म्हणून फार गाजला. २०२१ साली दुसऱ्या गटाने तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा लॅपटॉपवाले शब्दशः जास्त उतरवतात एवढं खरं निघालं, पण लगेच घेतलेल्या चाचणीत हाताने लिहिणाऱ्यांची आघाडी दिसली नाही. त्यामुळे यावरून भांडण्यात अर्थ नाही. टाइप करणाऱ्याने लेक्चर संपल्यावर त्याच दिवशी पाच ओळींत स्वतःच्या शब्दांत सार लिहिलं तर त्याचं काही बिघडत नाही. आकृत्या, रसायनशास्त्रातल्या रचना, गणितातली चिन्हं असतील तर मात्र कागद.

फोनच्या नुसत्या असण्याबद्दल २०१७ चा एक प्रयोग सांगितला जातो: फोन टेबलावर, खिशात-पिशवीत किंवा दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांची कामगिरी सगळ्यात चांगली होती. नंतरच्या पडताळण्यांत निकाल एकसारखे आले नाहीत, म्हणून यावर मी धोरण उभारणार नाही. पण दुसऱ्या खोलीत फोन ठेवायला काहीच लागत नाही, तेव्हा करून पाहायला हरकत नसावी. सूचनांच्या घंटीचा परिणाम जास्त स्पष्ट आहे: २०१५ च्या एका प्रयोगात फोनला हातही न लावता, फक्त तो वाजला एवढ्यानेच एकाग्रतेच्या कामात चुका वाढल्या.

इथे संस्थांनी स्वतःकडे पाहायला हवं. विद्यार्थ्याला सांगायचं की सूचना बंद कर, आणि परीक्षेची वेळ, वर्गबदल, फॉर्मची मुदत हे सगळं अडीचशे जणांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचं, जिथे एका सूचनेखाली चाळीस ‘ओके सर’ येतात. तो गट म्यूट करायची त्याची हिंमत होत नाही. घोडं पेंड खातं ते इथे. गटाच्या सेटिंगमध्ये ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ हा पर्याय चालू करावा, सूचना दिवसातून दोनदाच, ठरलेल्या वेळी टाकाव्यात, आणि गप्पांचा गट वेगळा असू द्यावा. लॅपटॉपवर ब्राउझरचं एक वेगळं प्रोफाइल करावं, त्यात फक्त अभ्यासाची लॉगिन्स असावीत. समाजमाध्यमं त्यात उघडायची म्हटलं तर पासवर्ड टाकावा लागतो, आणि तेवढा अडथळा सहसा पुरतो.

थेट ऑनलाइन तासात ‘नेट गेलं’ हे कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं. त्यातलं काही खरंच नेटचं असतं, काही उष्णतेचं. फोन चार्जिंगला लावलेला, जाड कव्हरमध्ये, गादीवर टेकवलेला, व्हिडिओ चालू: अर्ध्या तासात तो तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो. आवाज तुटतो, चित्र गोठतं, विद्यार्थी राउटर बंद-चालू करत बसतो. कव्हर काढा, फोन कडक पृष्ठभागावर उभा ठेवा, तासाआधी चार्ज करून तासात चार्जर काढा, स्वतःचा कॅमेरा बंद करा. ब्लूटूथ इअरफोनचा मायक्रोफोन चालू झाला की अनेक उपकरणं कॉलच्या जुन्या, कमी दर्जाच्या पद्धतीवर जातात आणि समोरचं सगळंच विहिरीतून आल्यासारखं ऐकू येतं. ऐकण्यासाठी इअरफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा मायक्रोफोन निवडला की हे सुटतं. किंवा सरळ वायरचा इअरफोन.

डेटाचा हिशेब सोपा आहे: सेकंदाला जितके किलोबिट, त्याला ३६०० ने गुणून ८ ने भागा, की तासाचे केबी मिळतात; ते हजाराने भागले की एमबी. फक्त आवाज, ८० किलोबिटने, तासाला ३६ एमबी. दोन्ही बाजूंनी ६०० किलोबिटचा, म्हणजे एकूण १२०० चा व्हिडिओ असेल तर तासाला ५४० एमबी. पंधरापट. ‘कॅमेरा सुरू ठेवा, नाहीतर गैरहजेरी’ हा नियम करताना हा आकडा समोर ठेवावा. शिवाय विद्यार्थी कॅमेरा का बंद ठेवतात हे कॉर्नेल विद्यापीठातल्या २०२१ च्या पाहणीत विचारलं गेलं, तेव्हा स्वतःच्या दिसण्याची चिंता हे कारण सगळ्यात वर होतं. मागे घरातले लोक दिसतील, खोली दिसेल, ही कारणंही होती. हजेरीसाठी दर १५ मिनिटांनी एक प्रश्न आणि चॅटमध्ये त्याचं एका ओळीचं उत्तर पुरतं, आणि कोण जागं आहे तेही कळतं.

तब्येतीबद्दल बाजारात बरंच काही विकलं जातं, त्यातलं मोजकंच खरं. पडद्याकडे बघताना पापण्या लवण्याचं प्रमाण मिनिटाला साधारण १५ वरून ५ ते ७ पर्यंत येतं. डोळे कोरडे पडून चुरचुरतात ते यामुळे. दर २० मिनिटांनी २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर लांब, २० सेकंद पाहणं आणि मुद्दाम पापण्या मिटणं एवढा त्यावरचा उपाय. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात दिसलं नाही. ते पैसे वाचवावेत. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी आणि कीबोर्ड वेगळा लावावा. कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलला ४० तासांची आहे, पण ९० डेसिबलला तीच ४ तासांवर येते. गोंगाटात लेक्चर ऐकणारा आवाज वाढवत जातो, म्हणून कान नीट बंद करणारे इअरफोन घेणं जास्त सुरक्षित.

झोपेचं थोडं उलगडून सांगतो. २०१५ च्या एका प्रयोगात लोकांनी सलग पाच रात्री झोपण्याआधी सुमारे ४ तास प्रकाश टाकणाऱ्या ई-रीडरवर वाचलं. कागदी पुस्तकाच्या तुलनेत झोप यायला सरासरी १० मिनिटं जास्त लागली आणि झोपेची वेळ ठरवणारं संप्रेरक, मेलाटोनिन, उशिरा वाढलं. सहभागी फक्त १२ होते. प्रकाशाचा परिणाम आहे, पण १० मिनिटांचा. विद्यार्थ्यांच्या दोन-दोन तास झोपा जातात त्या अपूर्ण कामामुळे, आणि त्यात संस्थेचा हात असतो: सबमिशनची मुदत रात्री ११:५९. मुदत त्या वेळेला असली की काम त्या वेळेला सरकतं, फाइल अडकली तर मदतीला कुणी नसतं, आणि सकाळी ८ च्या तासाला अर्धा वर्ग पेंगतो. मुदत संध्याकाळी ६ ला आणा. मूडलमध्ये मुदतीची वेळ आणि स्वीकारणं बंद होण्याची वेळ वेगवेगळी ठेवता येते. दुसरी दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ठेवली तर खऱ्या अडचणीत सापडलेला अडकत नाही.

ऑनलाइन चाचणीत नेट गेलं तर काय करायचं हे आधीच लिहून द्यावं. मूडलची प्रश्नमंजूषा साधारण दर मिनिटाला उत्तरं आपोआप साठवते. जोडणी तुटली तर पान बंद करायचं नाही, रीफ्रेश करायचं नाही. जोडणी परत येईपर्यंत थांबायचं. लांब उत्तर आधी फोनच्या नोट्समध्ये लिहून मग चिकटवायचं. आणि सत्राच्या दुसऱ्या आठवड्यात विनागुणांची एक सरावचाचणी घ्यावी, विषय काहीही चालेल, कारण तपासायचं असतं ते उपकरण.

शेवटी प्रणालीतल्या नोंदींबद्दल, कारण बरेच शिक्षक त्यावरून विद्यार्थ्यांची परीक्षा करतात. ‘पाहिलं’ अशी खूण म्हणजे पान उघडलं, एवढंच. ज्याने ॲपमध्ये डाउनलोड करून ऑफलाइन पाहिलं त्याच्या पाहण्याचा वेळ नोंदीत नीट उतरत नाही. दोन मित्रांनी एकाच फोनवर पाहिलं तर एकाचीच नोंद होते. उलट, टॅब उघडा ठेवून जेवायला गेलेल्याच्या नावावर पाऊण तास चढतो. त्यापेक्षा चाचणीचे प्रयत्न पाहा. पहिला आणि दुसरा प्रयत्न यांत एक-दोन दिवसांचं अंतर आहे आणि गुण वाढलेत, तर अभ्यास चाललाय. चार प्रयत्न सहा मिनिटांत उरकलेत, तर तो पर्याय बदलून बघतोय; त्याला प्रश्नसंचातून दर वेळी वेगळे प्रश्न द्या आणि दोन प्रयत्नांमध्ये २४ तासांचं अंतर सक्तीचं करा. आणि जो तिसऱ्या आठवड्यापासून कुठेच दिसत नाही, त्याला सूचना पाठवत बसू नका, फोन करा. पुष्कळदा फोन फुटलेला असतो.